तिच्या आबांच्या मानेची सोनोग्राफी

आबा, आज आंदर मावळातून एक बाई तिच्या वडिलांना घेऊन आली आणि तेव्हापासून माझा जळफळाट चालू आहे. तुमची लेक आता तळेगावात सोनोग्राफीची डॉक्टर आहे, केस पिकलेत, तरी हेवा काही सुटला नाही. सकाळी चहा पिताना तिच्या वडिलांच्या हातातून कप पडला, तोंड जरा वाकडं झालं आणि घटकाभरात सगळं नीटही झालं. तरी या बाईनं त्यांना दुधाच्या गाडीत बसवून थेट दवाखाना गाठला. मेंदूच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि त्यांना मानेच्या सोनोग्राफीसाठी माझ्याकडे.

मी गळ्याला जेल लावलं. "आबा, मान हलवू नगा, म्याडमला बघू द्या," ती म्हणाली. तेही आबाच! पडद्यावर मेंदूकडे जाणारी धमनी दिसत होती आणि तिच्या भिंतीला चिकटलेला चरबीचा थर. असा थर पांढरा, कडक दिसला तर बहुधा जागचा हलत नाही. यांचा काळपट, मऊ होता, कधी तुकडा सुटेल सांगता येत नाही असा. रक्ताच्या रिपोर्टमध्येही शरीरातली सूज वाढल्याची खूण. दोन्ही एकत्र म्हणजे लकव्याचा मोठा झटका दारात उभा. पण अजून दारातच. औषधं लगेच सुरू झाली.

तुमचाही हात आधी असाच लुळा पडला होता. भाताच्या आवणीला रोपांची मूठ हातातून गळाली, तुम्ही चिखलात बसलात, आणि मी बांधावरून ओरडले, "आबा, सकाळीच घेतली का काय?" तुम्हीही हसलात, वाकड्या तोंडानं. चार दिवसांनी उजवी बाजू गेली. मामा म्हणाले, लकव्याला कबुतराचं गरम रक्त चोळतात. मी बारावीला होते, सायन्सला. तीन दिवस चोळलं. चौथ्या दिवशी दवाखान्यात न्यायला गाडी आली, तेव्हा तुम्ही गेला होतात.

जेल पुसताना मी तिला विचारलं, "सगळं नीट झालं होतं ना? मग कसं सुचलं तुम्हाला?"

"गावात म्हनत व्हते, कबुतर आना. मी म्हनलं, कबुतर ऱ्हाऊ द्या, आधी दवाखाना. आमची आय सांगायची, पल्याडच्या वाडीत एक जन कबुतरापायी गेला. घरात लय शिकलेली पोरगी व्हती, पर कबुतर तिनंच धरलं व्हतं म्हनं."

पल्याडची वाडी आपलीच, आबा. तुमचं मरण तिच्या वडिलांच्या कामी आलं, माझ्या नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण ते टेबलाखाली पायानं चपला चाचपत होते, ती "डाव्या अंगाला हाय बगा" म्हणून त्यांच्यावर खेकसत होती, आणि मला ते खेकसणंसुद्धा हवं होतं.

हे पत्र कुठं पाठवणार? तुम्हाला अक्षरओळख नव्हती, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायची, आणि नको ती ओळ गाळायची. आज ती गाळत नाही. त्या पोरगीचं सांगून बाई माझ्याकडे बघत होती. त्या कबुतराची धडधड अजून माझ्या तळव्यांत आहे, आणि तरी मी तिला म्हणाले, "काय पोरगी असेल!"