एकाच डोळ्यावरची झोप

१७ नोव्हेंबर, सोमवार

मुख्याध्यापिकांनी केबिनमध्ये बोलावलं. "पालकांची तक्रार आहे, मॅडम. तुम्ही वर्गात पेंगता म्हणे." मी पेंगत नाही! डोळे मिटतात, झोप नसते. पण हे सांगायचं कसं? त्या पुढे म्हणाल्या, "पुन्हा तक्रार आली तर मला दुसरी टीचर बघावी लागेल."

धनराज अंबडहून, कंपनीतून आला. "परत सुतकी चेहरा? मी दिवसभर मशीनवर उभा असतो, मी नाही दमत?" दमतो. नवऱ्याशी वाद घालायलाही अंगात त्राण हवं.

१८ नोव्हेंबर

अर्धी पोळी टाकली. चावून चावून जबडा थकला. जबडा कसा थकतो!

२० नोव्हेंबर, गुरुवार

सातवीला शेवटचा तास. चेहऱ्यांचं वर्णन, इंग्रजीत. फळ्यावर लिहिलं — टायर्ड, स्लीपी, ड्राउझी. टायर्ड म्हणजे दमलेला, ड्राउझी म्हणजे डोळ्यांवर झापड आलेला. वाक्य करायला कुणी उठेना. शेवटी म्हटलं, माझ्याच चेहऱ्याचं करा!

"टीचर इज स्लीपी." "टीचर्स आईज आर हेवी." हशा. मीही हसले — काय करणार.

मग राखी उठली. एरवी तोंड न उघडणारी मुलगी. "टीचर इज नॉट स्लीपी. ओन्ली हर लेफ्ट आय इज स्लीपी."

वर्ग पुन्हा हसला. एक डोळा कसा झोपेल, म्हणून मी तिला बसवलं. बसता बसता मराठीत म्हणाली, "सकाळी नसतो, टीचर. शेवटच्या तासालाच असतो."

स्टाफरूमच्या आरशात पाहिलं. डावी पापणी अर्ध्यावर. उचलायला गेले, उचलेना.

२१ नोव्हेंबर

सकाळी पापणी जागच्या जागी. धनराज म्हणाला, "बघ, काही नाही." संध्याकाळी त्याला समोर बसवलं — आता बघ. बराच वेळ बघत राहिला. "उद्या सुट्टी टाकतो," एवढंच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरबाई म्हणाल्या, छताकडे बघत राहा. पापणी हळूहळू उतरली. मग बर्फ रुमालात गुंडाळून डोळ्यावर ठेवला. काढला — डोळा उघडा! धनराज खुर्चीतून उठलाच.

"रक्ताच्या रिपोर्टनंतर नक्की सांगते. पण नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाहीये, असं दिसतंय. कधीपासून दमताय?"

"गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून."

"आणि घरचे काय म्हणायचे?"

मी धनराजकडे पाहिलं नाही.

येताना द्वारका चौकात गाडी अडकली. धनराज समोर बघतच म्हणाला, "मी तुला आळशी म्हणायचो." हं, म्हटलं.

२८ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. आजारच आहे. गोळ्या बहुतेक कायमच्या. धनराज मान खाली घालून बसलाय. आणि मला इतकं हलकं वाटतंय — कुणाला सांगायचीही सोय नाही.