सहा वेळा रिसेट

५ मार्च, मंगळवार
सकाळी आठच्या सुमारास कागद गिरणीतला फिल्टर बंद पडला. रिसेट केला — पडला. पुन्हा केला — पुन्हा! आत साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचा नियम आहे. पण तिकडे मशीनच्या मोटारी बंद पडत होत्या, कागद फाटत होता आणि मशीनवाले माझ्या नावाने शंख करत होते. एकदोनदा घाई झाली. शेवटी चालू झाला एकदाचा.

६ मार्च
ही विचारते, "तुमचा फिल्टर पाणी गाळतो का?" वीज गाळतो, म्हटलं. "मग गाळ कुठे जातो?"

७ मार्च
फिल्टरमधला एक भाग जळाला. न थांबता रिसेट केल्यामुळे. साहेब म्हणाले, "फिल्टरमध्ये सगळी नोंद असते. बघा आणि लिहून द्या."

बघितलं. मंगळवारी दुपारी ४.१० ते ४.१९, सहा वेळा रिसेट. दुसरी पाळी, म्हणजे माझा मेव्हणा! सकाळची एकही नोंद नाही. माझी घाई उमटलीच नाही, बरं झालं.

मेव्हणा गुडघ्याला बाशिंग बांधूनच जन्मलेला. मीच त्याला इथे चिकटवला. याच महिन्यात कायम व्हायचा होता. पण नातं नात्याच्या जागी. लिहून दिलं. सहीसुद्धा झोकदार आली.

८ मार्च
त्याला गोदामात टाकलं. महिनाअखेर घरी. एक शब्द बोलला नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

९ मार्च
रात्री ही म्हणाली, "तुम्ही लिहिलंय म्हणजे खरंच असणार." मग आत जाऊन रडली. फार वाईट वाटलं. पण खऱ्याला इलाज नाही.

१२ मार्च, मंगळवार
फिल्टर पुन्हा पडला. या वेळी शहाण्यासारखा दहा मिनिटं थांबलो. रिकामा माणूस इकडेतिकडे बघतो. भिंतीवर सकाळचे ९.२५. फिल्टरच्या पडद्यावर संध्याकाळचे ५.२५.

आठ तास पुढे! गेल्या महिन्यात आतलं कार्ड बदललं, तेव्हा घड्याळ लावायचं राहिलं. कार्ड मीच बदललं होतं. म्हणजे ती नोंद सकाळी ८.१० ची. पहिली पाळी. सहा वेळा. आणि मी एकदोनदा म्हणत होतो.

१३ मार्च
घड्याळ लावलं. कोणी विचारलं नाही. जेवण जात नाही. स्वतःची लाज वाटते.

१४ मार्च
गोदामात जाऊन मेव्हण्याला सगळं सांगितलं. तो गठ्ठे रचत होता.

"माहीत आहे, भाऊजी. साहेबांनी नोंद दाखवली तेव्हाच पडद्यावरची वेळ बघितली मी."

"मग बोलला का नाहीस?"

"ताई तुमच्या शब्दाबाहेर नाही. मी बोललो असतो तर तिनं कोणाला खोटं म्हणायचं?"

तिथूनच साहेबांकडे गेलो आणि नवीन लिहून दिलं. सहा वेळा, मी.

हिला तोंडाने सांगणं जमणार नाही. ही वही तिच्या हातात देतो.