उशाशी लावलेला स्विच

६ एप्रिल

लाईट गेली आणि सोलरही गेलं! भर दुपारी एक वाजता! वर छतावर सहा पॅनल उन्हात तापतायत, खाली माझ्या म्हाताऱ्याची ऑक्सिजनची मशीन टीं टीं करून बंद. मी, मुलगा राजदीप, शेजारची गुणाबाई – सगळे एकच समजून बसलो होतो, की ऊन आहे तोवर वीज आहे.

सोलर लावणाऱ्या विक्कीला फोन केला. म्हणतो, "मॅडम, लाईन गेली का हे बी बंद होते. नाईतर आपली वीज उलटी लाईनीत जाईन न खांबावरचा माणूस मरून जाईन. रात-दिवस पाह्यजे असन त बॅटरी लागते." हे आता सांगतोय! लावताना तोंडात काय होतं?

सिलिंडर जोडला. पाऊण तासाने लाईट आली. म्हाताऱ्याचे ओठ निळे पडले होते, पण शिव्या द्यायला दम शिल्लक होता.

८ एप्रिल

विक्की भाव घेऊन आला. साधी बॅटरी पंचेचाळीस हजार – पाणी टाकत बसा, चार वर्षांत भंगार. लिथियमची, नव्या इन्व्हर्टरसकट, एक लाख पासष्ट हजार. पॅनलवर सबसिडी मिळाली होती, यावर एक रुपया नाही म्हणे. "पण मॅडम, दहा वर्षं पाह्याचं काम नाई. गॅरंटी हाये."

दहा वर्षं! डॉक्टर म्हाताऱ्याची दोनसुद्धा धरत नाहीत. मला हसू आलं. विक्कीला वाटलं भाव ऐकून हसतेय.

९ एप्रिल

राजदीपचा पुण्याहून फोन. "आई, घेऊन टाक न. बाबाच्या जिवापेक्षा पैसा मोठा हाये का?" पैसा कोणाचा? अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घसा फोडला त्याचा. स्वतः किती पाठवतोस म्हटलं, तर साहेबांची मीटिंग सुरू झाली.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक दारावरून गेली. याला सोडून कशी जाणार? पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती, तशीच पेटीत गेली.

१७ एप्रिल

संध्याकाळी वारा सुटला आणि जंगलात कुठेतरी लाईनवर झाड पडलं. लाईनमनला फोन केला. "बाई, तिकडं वाघ हाये. आता कोन जाते? सकाळी पाहू." त्याचंही बरोबर आहे. मी सिलिंडरचा काटा खाली येताना बघत बसले. म्हातारा अंधारात स्टीलचा ग्लास खाटेच्या दांडीवर आपटत होता. मला बोलवायची याची हीच रीत. पस्तीस वर्षांत नावाने हाक मारली नाही. एक तर "ए वो", नाहीतर ग्लास.

"दिवा लाव ना वो," म्हणाला.

दिवा! अंधार पडला की मला तो बल्ब आठवतो. घुग्घुसचं क्वार्टर. मी बारावीला बसले होते. हा खाणीत सेकंड शिफ्टला निघताना होल्डरमधला बल्ब काढायचा आणि खिशात घालून न्यायचा! रोज! "शिकून का कलेक्टर बनतं? बिल कोन भरते?" अरे, क्वार्टरला वीज फुकट होती! बिल येतच नव्हतं! त्या वर्षी मी नापास झाले. पुढच्या वर्षी गल्लीतल्या खांबाखाली बसून पास झाले. पुस्तकाचं पान उलटलं की कोळशाची धूळ उडायची. तीच धूळ आता याच्या छातीत बसलीय. बसू दे.

हे लिहायला नको होतं. पण खरं आहे, आणि ही वही कोण वाचणार आहे?

२० एप्रिल

घेतली. लिथियमचीच. गुणाबाई गल्लीभर सांगत फिरतेय, "नवऱ्यासाठी एवढं कोन करते वो आजकाल! सोन्यासारखी बाई हाये."

२४ एप्रिल

बॅटरी बसली. भिंतीवर पांढरा डबा, त्यावर हिरवे आकडे. शंभर टक्के. विक्की खुशीत होता. "लाईट गेली का आपोआप बॅटरीवर जाते मॅडम, तुमाले समजन बी नाई."

म्हटलं, पंखा-दिवे आपोआप कर. मशीनला वेगळा स्विच दे. माझ्या खोलीत, माझ्या उशाशी.

"काऊन मॅडम? मशीनसाठीच त घेतली न?"

दोन-दोन मिनिटं लाईट जाते, तेवढ्यासाठी एवढी महाग बॅटरी कशाला झिजवायची, म्हटलं. त्याला पटलं नाही, पण मी त्याची चौथीची मॅडम. मुकाट्याने वायर ओढली.

भाड्याचा सिलिंडर परत पाठवला. मग म्हाताऱ्यासमोर उभी राहिले. म्हटलं, यापुढे लाईट गेली की नावाने हाक मारायची. 'अंजना, लाईट दे' असं म्हणायचं. ग्लास वाजवायचा नाही. स्टीलचा ग्लास उचलला आणि प्लास्टिकचा ठेवला. तो नुसता बघत राहिला. बल्ब खिशात जाताना मी जशी बघायचे, तसाच.

२७ एप्रिल

सकाळी लाईट गेली. मशीन टीं टीं करायला लागली. मी स्विचवर बोट ठेवून बसले.

"ए वो." मी गप्प. "ए वो!" गप्प. मग खूप वेळाने – "अंजना."

तेवढंच. 'लाईट दे' म्हणाला नाही. पण चाललं! स्विच टाकला. अंगावर काटा आला. लग्नानंतर इतका आनंद मला कधी झाला नव्हता, नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही नाही. लाज वाटायला हवी. वाटत नाही.

२ मे

आज पूर्ण म्हणाला. "अंजना, लाईट दे." मध्ये दोनदा थांबला, श्वास पुरेना. मी पुन्हा म्हणायला लावलं. ऐकू आलं नाही म्हटलं.

संध्याकाळी त्याचे पाय चेपून दिले. कशाला, कोण जाणे. पाय हलके झालेत, वाळल्या लाकडासारखे.

५ मे

विक्कीचे उरलेले दहा हजार दिले. आता बॅटरी माझी, लाईट माझी.

९ मे

राजदीप विचारतो, "बाबा फोनवर काऊन नाई बोलत?" आवाज बसलाय म्हटलं. कालपासून नुसते ओठ हलतात. डॉक्टरांना विचारायचं राहिलं. मला तर वाटतं मुद्दाम करतोय, माझं नाव घ्यायला लागू नये म्हणून. पक्का हट्टी! पण मीही त्याच्याच घरात म्हातारी झालेय.

१३ मे

परवा जेवण झाल्यावर लाईट गेली. मी माझ्या खोलीत पडले होते. मशीनची टीं टीं ऐकली. हाक आली नाही. म्हटलं, बघू कोण हरतं. डोक्यावर पंखा फिरत होता, बॅटरीवर. डोळा लागला.

उठले तेव्हा लाईट आलेली होती. मशीन पुन्हा सुरू होऊन नळीतून हवा सोडत होती. प्लास्टिकचा ग्लास खाटेच्या दांडीशी फुटून पडला होता. दांडीवर आपटला असणार. प्लास्टिकचा आवाज तो किती होणार.

बापाच्या मातीला आलेला राजदीप आज डब्यासमोर उभा राहून विचारत होता, "आई, बॅटरी होती न?"

होती. सत्त्याण्णव टक्के.