भर दुपारची मगरिब

८ नोव्हेंबर २०२२
पुन्हा एकशेआठ! पुन्हा तीच गाडी, तेच सलाईन. जमिला नमाजाच्या चटईशेजारी पडलेली. ओठ वाळलेले. काय दुखतं? — "कुछ नै जी."

अपघात विभागातल्या डॉक्टरीण बाई वैतागल्या. "चाचा, परत? अंगात पाणीच नाही चाचींच्या. आधीच ओपीडीत का आणत नाही?"

मी भडकलो. वऱ्हांड्यातच भाषण! ज्या माणसाला आपलं दुखणं सांगता येत नाही, त्याचं दुखणं तो पडल्यावरच दिसतं! कशासाठी आणू ओपीडीत? काय सांगू केसपेपरवाल्याला? हिच्या वतीनं फक्त अँब्युलन्सचा भोंगा बोलतो! — एकानं टाळी वाजवली. लाज वाटली.

कारण मलाच काही कळत नाही. पाणी मी स्वतः देतो. ग्लास रिकामा होतो. मग पाणी जातं कुठं?

१० नोव्हेंबर
घरी आणलं. नावं विसरते, दिवस विसरते. पण दारातच म्हणाली, "गयाससाब, मफलर लपेटो." मला ओळखते अजून. तेवढं पुरे.

१३ नोव्हेंबर
समोरच्या साळूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "भाऊ, भाभी तर पाणी मोगऱ्याला घालतात. मला वाटलं तुम्हाला ठावं असंल."

मोगरा! तरीच एवढा हिरवागार!

जमिलाला विचारलं. हसली. "रोजा है, जी."

रमजान एप्रिलातच होऊन गेला. कॅलेंडर दाखवलं.

"तुमारे कॅलेंडर का क्या भरोसा? तुम कबी रोजा रक्खेच नै."

म्हणून गोळ्याही नाहीत. संध्याकाळी मगरिबची अजान ऐकली की रोजा सोडायचा: एक ग्लास पाणी, अन् झोप.

"बीमार पे रोजा नै," मी म्हणालो. तरुणपणी मशीद सोडली, तेव्हापासून पहिल्यांदा धर्माचा आधार घेतला!

"बीमार कौन है जी?"

गुलमंडी चौकातल्या भर सभेत मला कुणी असं अडवलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर
साळूबाई म्हणतात, "आजान झाली म्हणून सांगा की! प्याल्या म्हंजे झालं."

खोटं? मी? हयातभर त्याच्याच विरुद्ध घसा फोडला! शिवाय तिचा धर्मावरचा विश्वास. त्याच्याशी मी वाद घालत आलो, खेळ कधी केला नाही. तिला नीट समजावीन. पुन्हा पुन्हा समजावीन.

१७ नोव्हेंबर
समजावलं. रडली. मोगऱ्याला पाणी.

१९ नोव्हेंबर
एकशेआठ. डॉक्टरीण बाई या खेपेला वैतागल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "चाचा, आम्ही फक्त सलाईन लावतो. पाणी तुम्हालाच पाजावं लागेल."

एकीकडे माझं सत्य, एकीकडे तिचा घसा. एवढी पुस्तकं वाचली — एकातही उत्तर नाही!

२२ नोव्हेंबर
साळूबाईंनीच खिडक्या लावल्या. "नायतर भर दुपारी सगळी गल्ली मशिदीकडं पळंल!"

मशिदीतल्या बांगीसारखे कानांवर हात ठेवले. आतल्या खोलीतून अजान दिली. आवाज फाटला. पण अब्बांनी शिकवलेला शब्द न् शब्द आठवला — कुठं होते हे इतकी वर्षं?

बाहेर आलो. जमिलानं खजूर तोंडात टाकला होता. मग पाणी. गटागटा! मग गोळी. अजून पाणी मागितलं.

हे पाप की पुण्य? दोन्ही शब्द माझे नव्हेत. तरी दिवसभर तेच डोक्यात.

८ डिसेंबर
एकशेआठची गरज पडली नाही. रोज सकाळी अजान, दुपारी अजान. सकाळची तिला दुपारी आठवत नाही. मोगरा कोमेजायला लागला. आनंद होतो — अन् कसलीशी धास्तीही. कसली?

१७ डिसेंबर
आज पाणी प्याली, डोक्यावरची ओढणी सारखी केली, अदबीनं म्हणाली, "बांगीसाब, बडी मीठी आवाज है तुमारी. हमारे मियां को बी कबी बुलालो ना. गयास नाम है. मस्जिद का रस्ता भूल गए उनो."