बावीस मिनिटांची दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला लाइनमन आणि छत्तीस वर्षे परवाना बाळगणारा हौशी रेडिओचालक, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवत आहे. माझे मन ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी तसे काही लिहून दिलेले नाही. परवा सकाळी ते उघडून त्यातली एक झडप बदलायची आहे, म्हणून जे मागे ठेवायचे ते आजच ठेवतो. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे होते, फक्त खरे नव्हते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीवर जाणारा लोखंडी जिना, तसेच बँकेत माझ्या नावावर जे काही असेल ते सर्व, मी पोस्टमनच्या बायकोला आणि मुलीला समसमान देतो. पोस्टमन हा आमच्या रेडिओ क्लबातला माझा जोडीदार. अकरा वर्षांपूर्वीच्या पुरात तो गेला. मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. हे का देतो ते कलम सहामध्ये आहे. ते वाचून मायलेकींना काही घ्यावेसे वाटले नाही, तर त्यांनी घेऊ नये आणि त्यांची समजूत काढायला कोणी जाऊ नये. तसे झाल्यास सर्व काही पूरग्रस्तांसाठीच्या दवाखान्याला द्यावे.

२. माझ्या थोरल्या बहिणीला मी काहीही देत नाही. कच्च्या मसुद्यात हे वाचून वकिलांनी चष्मा काढला. "सख्ख्या बहिणीला काहीच नाही? लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "लोकांनी तिला म्हणायचं ते म्हणून झालंय." त्यांनीच मला सांगितले होते, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी, पुढे वाद होतात. मला ताई साक्षीदार म्हणून हवी आहे. म्हणून तिला एक चमचाही देत नाही.

३. मागच्या घरातले निवृत्त मास्तर वीस वर्षे तक्रार करत आले, की माझ्या रेडिओमुळे त्यांच्या टीव्हीवर रेघा येतात. मी त्यांच्या टीव्हीची वायर बदलून दिली, रेघा राहिल्या. एकदा माझा सेट महिनाभर टेबलावर सुटा होऊन पडला होता, तेव्हाही रेघा माझ्याच. अँटेनाचा खांब उतरवल्यावर गच्चीवर सिमेंटचा एक ठोकळा उरेल. तो मास्तरांना द्यावा. आता रेघा कोणाच्या, हे त्यांनी त्यावर बसून निवांत ठरवावे.

४. तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री, मीटर, पक्कडी आणि तारांची पेटी क्लबाला. नवा हेडफोन मात्र क्लबाच्या सेक्रेटरींना, कारण ऐकण्याच्या साधनाची त्यांच्याइतकी गरज कोणालाच नाही. आमचा पहिला नियम असा: बटण दाबण्याआधी ऐकावे, दाबल्यावर थोडक्यात बोलावे आणि बटण सोडावे. सेक्रेटरी बटण दाबतात ते चहा गार होईपर्यंत. मी त्यांना सभेत दोनदा तोडून बोललो आहे आणि त्याचा मला आनंद झाला होता. पण हेही लिहून ठेवतो, की त्यांच्याकडे बोट दाखवत होतो तोवर माझ्याकडे कोणी पाहत नव्हते. चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय.

५. परवाना मला कोणाच्या नावे करता येत नाही. तो माणसाबरोबर संपतो आणि कॉल साइन, म्हणजे रेडिओवर पुकारायचे सरकारी नाव, सरकारकडे परत जाते. मूळ परवाना कपाटाच्या वरच्या खणात आहे, तो अर्जासह परत करावा. सेट परवाना असलेल्या माणसालाच द्यावा लागतो. भिंगरीकडे परवाना आहे, म्हणून मोठा सेट, अँटेना आणि लॉगवह्या, म्हणजे रेडिओच्या रोजच्या नोंदवह्या, तिला.

ती सतरा वर्षांची असताना या दारात आली आणि म्हणाली, "काका, बाबा शेवटी कोणत्या चॅनेलवर होते, ते मला दाखवाल?" मी दाखवले. मग तिला शिकवायला बसलो. परीक्षेचे नियम ती आठवड्यात पाठ करून आली. रोज संध्याकाळी पाचला ती मला पुकारते आणि विचारते, "काका, आवाज कसा येतोय?" मी "खणखणीत" म्हणतो आणि लॉगवहीत पूर्ण गुण लिहितो. तिच्या नावापुढे लिहिताना माझे अक्षर बिघडते. वह्या चाळल्यास कोणालाही दिसेल.

रेडिओचालक गेला की बाकीचे त्याची कॉल साइन तीनदा पुकारतात, उत्तराची वाट पाहतात आणि मग गप्प होतात. माझ्यासाठी हे करू नये. भिंगरीला करावेसे वाटले तर गोष्ट वेगळी.

६. आता ज्यासाठी हे सगळे लिहितो ते.

त्या पुरात टेलिफोनच्या तारा पहिल्याच दिवशी तुटल्या. क्लबाने माणसे बसवली. शाळेत केंद्र, तिथे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान. एक माणूस धरणावर, एक दवाखान्यात आणि खाली नावेच्या धक्क्यावर पोस्टमन. माझी पाळी सकाळीच संपली होती. माझी बायको तेव्हा शेवटच्या आजारात होती, त्यामुळे मला घरी बसून नुसते कान ठेवायला सांगितले होते. पोस्टमनच्या हातात माझाच जुना सेट होता, मी हौसेने दिलेला, एकाच चॅनेलचा. एक चॅनेल अडला तर बाकीच्यांना दुसऱ्यावर जाता येत होते, त्याला येत नव्हते. आणि नियम असा, की नेमून दिलेली जागा केंद्राने सांगितल्याशिवाय सोडायची नाही. तो नियम त्याला मीच शिकवला होता.

दुपारी तीन दहाला मी औषधांचा स्टीलचा ट्रे घाईघाईने रेडिओच्या टेबलावर टेकवला आणि बायकोला उठवून बसवायला आतल्या खोलीत गेलो. ट्रेची कड माइकवर आली आणि बटण दाबले गेले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो: बटण दाबलेले असताना सेट बोलतो, ऐकत नाही. माझा सेट ताकदीचा, खांब उंच. त्याच्यापुढे हातातले लहान सेट दबून जातात. त्या चॅनेलवर सगळ्यांना माझ्या रिकाम्या खोलीची शांतता ऐकू येत होती. आणि मला वाटत होते, की कोणी काही बोलत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे.

बायकोने विचारलेही, "आज तुमचा रेडिओ गप्प कसा?"

"पाणी उतरत असेल."

"बघा तरी एकदा."

"आवाज आला की कळेलच," मी म्हणालो आणि तिची उशी नीट करत बसलो.

तीन बत्तीसला थर्मामीटर आणायला बाहेर आलो. ट्रे उचलला. सेटवरचा लाल दिवा विझला आणि स्पीकरमधून भाऊजींचा आवाज आला. आवाज पार बसला होता. "खालचा धक्का, जागा सोड. धरणाचे दरवाजे उघडलेत. जागा सोड. ऐकतोयस का? अरे, ऐकतोयस का?" मी ट्रे हातात धरून उभा होतो. त्यांनी पुन्हा पुकारले, पुन्हा पुकारले. धक्क्यावरून कोणी बोलले नाही. ते कोणामुळे, हे मला त्याच क्षणी कळले.

पोस्टमन दुसऱ्या दिवशी सापडला. त्याने सेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधला होता. सेट कोरडा होता.

त्या संध्याकाळी मी लॉगवहीत लिहिले, "३.१०. सेट बंद केला." ते खोटे आहे.

आठवड्याने क्लबाची सभा झाली. चॅनेल अडवणारा सेट आमच्या गल्लीतला होता, हे धरण, शाळा आणि दवाखाना इथे नोंदलेल्या लहरींच्या जोरावरून उघड होते. गल्लीत खांब दोनच, माझा आणि भाऊजींचा. माझी लॉगवही टेबलावर होती. भाऊजी केंद्रावर जाताना घरचा सेट चालू ठेवून गेले होते, ताईला बातम्या कळाव्यात म्हणून. सेट चालू ठेवून परवाना नसलेल्या माणसाच्या भरवशावर सोडू नये, हाही नियमच. सेक्रेटरी म्हणाले, "माणसं विसरतात, लॉग विसरत नाही." मग सगळ्यांनी दाराकडे पाहिले. दारात ताई उभी होती.

ती म्हणाली, "मी माइकला हात लावला नाही. दुसऱ्या खोलीत बसून ऐकत होते." मग ती माझ्याकडे वळली. "तू तरी सांग रे यांना. मी कधी तुमच्या वस्तूंना हात लावते का?"

मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी सगळेच घाबरले होते. विसरली असशील."

हे माझे शब्द आहेत. ट्रे चुकून ठेवला गेला. हे चुकून नव्हते.

सहा आठवड्यांनी बायको गेली. तोवर मी स्वतःला सांगत होतो, की तिच्यासमोर हे नको. ती गेल्यावर सांगायला दुसरे कारण शोधले. कारणांना तोटा नसतो. भाऊजींनी परवाना परत केला, खांब उतरवून भंगारात दिला. ते ताईला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, पण "ते तू केलं नाहीस" असेही कधी म्हणाले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते गेले, ते असेच गेले.

आणि ताई. आई गेल्यावर मला वाढवणारी, शिलाईच्या पहिल्या कमाईतून मला रेडिओचे सुटे भाग आणून देणारी माझी ताई. आज घरातून निघाली, की जिन्यावरून तीनदा मागे फिरते आणि बटणे पाहून येते. विजेवर चालणारे शिलाई मशीन विकून तिने पायाचे घेतले. मोबाइलवर कोणी वर्तमानपत्र ठेवले तरी दचकते. दर वर्षी त्या तारखेला पोस्टमनच्या बायकोकडे जाते, दारातच उभी राहते आणि काही न बोलता परत येते. एकदा मला म्हणाली, "खरंच विसरले असेन का रे मी?" मी तेव्हाही गप्प बसलो.

७. लॉगवहीत खोडरबर चालत नाही, पान फाडणेही चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, जुने अक्षर वाचता आले पाहिजे. शेजारी खरे लिहायचे आणि सही करायची. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. मला अकरा वर्षे लागली. ती वही आज टेबलावर उघडून ठेवली आहे. दुरुस्तीचा मजकूर असा: "३.१० ते ३.३२, माझ्या सेटचे बटण दाबलेले राहिले. चॅनेल मी अडवला. भाऊजींच्या घरचा सेट निर्दोष. ताई निर्दोष." या पानाची प्रत क्लबाच्या फळ्यावर लावावी आणि सेक्रेटरींनी ती सभेत वाचावी. एवढे एकदा त्यांनी बटण दाबून वाटेल तितका वेळ बोलावे.

८. "कलम सहा माझ्या मृत्यूनंतरच उघडावे" अशी ओळ मी इथे लिहिली होती. ती एका रेघेने खोडली आहे, वाचता येते. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे. ती आधी गेली तर हा कागद कोणाच्या कामाचा? आणि मी परवा वाचलो, तर हे पाकीट पुन्हा खणात टाकीन, मी स्वतःला ओळखतो. म्हणून आज चार वाजता ताईला आणि खालच्या औषधाच्या दुकानाच्या मालकांना बोलावले आहे. हे सगळे मोठ्याने वाचीन, मगच सही करीन. ताईने सही करायला नकार दिला तर दुसरा साक्षीदार शोधावा आणि तिला दोष देऊ नये. तिला दोष देण्याचे काम आमच्याकडून पुरे झाले.

चारला दहा कमी आहेत. गल्लीतून ताईच्या चपलांचा आवाज आला, थांबला, मागे गेला. बटणे पाहायला गेली असेल. आता पुन्हा येतो आहे.

९. (वाचून झाल्यावर जोडलेले कलम.) वाचताना ताईने मला एकदाही थांबवले नाही. दुकानाचे मालक खाली मान घालून बसले होते. संपल्यावर तिने त्या माइककडे पाहिले.

मग म्हणाली, "हे त्यांना कळायला हवं होतं रे." भाऊजींबद्दल म्हणत होती. मी माफी मागितली, तिने ती घेतली नाही आणि परतही केली नाही.

"भिंगरीला कधी सांगणार?"

"आज पाचला ती पुकारेल तेव्हा घरी बोलावतो. रेडिओवर नाही सांगणार, समोर बसवून सांगेन."

"मी असताना सांग. तुझा भरवसा नाही," ताई म्हणाली. "आधी ती वही इकडे आण. माझ्यासमोर रेघ मार."

मी रेघ मारली, खरे लिहिले आणि सही केली. या मृत्युपत्रात वकिलांच्या सल्ल्याने बदल करावा लागला, तरी कलम सहा व सात यांना कोणी हात लावू नये.

ठिकाण: लिहून देणाऱ्याचे राहते घर, रेडिओची खोली.
दिनांक: ९ सप्टेंबर, दुपारी ४ वाजून ४१ मिनिटे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार क्र. १: लिहून देणाऱ्याने वरील मजकूर आमच्यासमोर वाचला व आमच्यासमोर सही केली. तो शुद्धीत होता. (सही) औषधाच्या दुकानाचे मालक.

साक्षीदार क्र. २: सही माझ्यासमोर केली. लॉगवहीतली रेघही माझ्यासमोर मारली. मी त्या दिवशी माइकला हात लावला नव्हता. (सही) लिहून देणाऱ्याची थोरली बहीण.