सर्व्हर हव म्हणतो

३ जुलै २०२४, बुधवार
नवा रायपूरच्या ऑफिसात पहिले मोठे काम मिळाले. डोळ्यांच्या एका हॉस्पिटलचे. रोज सकाळी आठला सर्व्हरने आपोआप उद्याच्या ऑपरेशनवाल्यांना मेसेज पाठवायचे. निवेदिता मॅडम म्हणाल्या, मेसेज खरंच गेले का, त्यावरही लक्ष ठेवायची सोय कर. मला शिकवतात! तोंडाने "हव" म्हटले. रायपुरात पटो न पटो, हो म्हणायला हव म्हणतात.

५ जुलै, शुक्रवार
सोय केली. काम उरकले की सर्व्हर माझ्या मोबाइलवर "हव" पाठवतो. मॅडम हसल्या नाहीत. मेसेज गेलेच नाहीत तर तो काय म्हणेल, असे विचारले. सोमवारी बघतो म्हटले.

८ जुलै, सोमवार
आठला "हव" आला. बघण्यासारखे काही उरले नाही.
बाबांचा मोतीबिंदू याच हॉस्पिटलात काढायचा आहे. आई म्हणाली, तारीख फोन करून विचारा. बाबा म्हणाले, "काहून? पोट्ट्याचा मेसेज येईल नं." छाती फुगली.

११ जुलै, गुरुवार
चौबे कॉलोनीतल्या घरी बाबा सकाळपासून मोबाइल घेऊन बसतात. दिसत नाही, म्हणून माझ्याकडून वाचून घेतात. आज त्यांना नुसती गादीची जाहिरात. मला "हव". निश्चिंत.

१६ जुलै, मंगळवार, सकाळी ११
मॅडमनी बोलावले. मेसेज पाठवायचा पासवर्ड गेल्या मंगळवारी बदलला होता. तेव्हापासून एकही मेसेज गेलेला नाही. मेसेज गेले की नाही हे न बघताच माझा सर्व्हर शेवटी हव म्हणतो. एकोणीस जणांची ऑपरेशने चुकली. यादीत चौदावे नाव मारोती वानखडे, तारीख १२ जुलै. आमचे बाबा. पुढची तारीख ऑक्टोबरात.

दुपारी ४
सगळ्यांना फोन करून माफी मागायची, असा मॅडमचा हुकूम. अठरा झाले. सिलतऱ्याच्या गोदावरीबाईंनी उलट माझीच माफी मागितली. मोबाइल जुना आहे, मेसेज दिसला नसेल म्हणाल्या. फार शरम वाटली. राहिले बाबा. त्यांना घरी जाऊन समोरासमोर सांगणार. नक्की.

संध्याकाळी ७
बाबा मोबाइल घेऊन दारातच बसले होते. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "अजून मेसेज येऊन नाही राहिला. तू लक्ष ठेवून राहिला नं?"
हव म्हटले.