रेडिएटरपुढचा पुठ्ठा

बाबा,

गाडी का तापते ते सापडलं! पाणी भरलेलं होतं, पंखा फिरत होता, नळीही कुठे गळत नव्हती. शेवटी पुढच्या जाळीत हात घातला, तर रेडिएटरपुढे पुठ्ठा! थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून तुम्हीच लावलेला, आणि उन्हाळा आला तरी तसाच. वारा लागणार कुठून?

तुम्ही मात्र आईच्या गाडी चालवण्यावर खापर फोडून मोकळे झालात. चार दिवस झाले, ती मावशीकडे जाऊन बसलीय.

आता तापमानाचा काटा शहाण्यासारखा मध्यावर बसलाय. त्याच गाडीने आईला आणायला निघालेय. पुठ्ठा टेबलावर ठेवलाय. मी तिला काहीच सांगणार नाही. दार तुम्हीच उघडा, पुठ्ठा हातात घेऊन.

– धाकटी